वसईचें मोठें कॅथलिक घर

नाताळ जवळ आला म्हणजे शहरांतील दुकानांतून कागदी चांदण्या टांगल्या जातात, केकचे डबे मांडले जातात, आणि ख्रिस्ती माणसाचें घर म्हणजे एखाद्या साहेबाचें घर असावें ही पुष्कळांची समजूत पुन्हां एकदां ताजी होते. टेबल-खुर्च्या, पियानो आणि इंग्रजी गाणीं यांपलीकडे ही कल्पना सहसा जात नाहीं. परंतु याच महाराष्ट्रांत, मुंबईच्या उत्तरेस, असा एक मुलूख आहे कीं जेथें ख्रिस्ती घराच्या पडवींत केळीचे घड टांगलेले असतात, ओटीवर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधल्या जातात, आणि घरांतील आजी मराठीच्याच एका बोलींत नातवंडांस हांक मारते. हा मुलूख वसईचा. आज तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. तेथील मोठ्या कॅथलिक कुटुंबाची रोजची राहणी कशी असते आणि त्याचे सण कोणते, हें समजून घेतलें तर वरील समजूत तर दूर होतेच, पण आपल्या स्वतःच्या घराविषयींही कांहीं विचार करण्यासारखें हातीं लागतें.

मोठें कुटुंब ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. बीड जिल्ह्यांतील चकलांब्यासारख्या गांवीं तीन पिढ्या एका चुलीवर जेवत असल्या म्हणजे लोक त्या घरास ‘खटलें’ म्हणतात. जमीन एक, विहीर एक, बैल सामाईक. शेताला हात पुष्कळ लागतात, म्हणून खटलें टिकतें. शिवाय हिंदूंच्या कायद्यानें एकत्र कुटुंबास मान्यता दिलेली असून वडिलोपार्जित मिळकतींत मुलांचा जन्मतःच हक्क उत्पन्न होतो. ख्रिस्ती कुटुंबाची गोष्ट येथेंच निराळी पडते. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेला १९२५ सालचा वारसाहक्काचा कायदा एकत्र कुटुंबाची मिळकत अशी वस्तूच ओळखीत नाहीं. बाप मृत्युपत्र न करितां वारला, तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश विधवेस आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांस मिळतो. आणि तोही मुलगा व मुलगी यांस सारख्याच हिश्शानें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें हें घर बापाच्या मृत्यूबरोबरच वांटलें गेलेलें असतें. असें असूनही वसईंत मोठमोठीं कॅथलिक घरें पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलीं. कायदा ज्यांस बांधीत नाहीं, त्यांस बांधलें तरी कशानें?

उत्तर शोधण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई आणि तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. पुढील दोनशें वर्षांत या भागांत जागोजाग चर्चें उभीं राहिलीं, आणि बागायती करणारीं पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. याच वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संघांत गेले, १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें त्यांस क्रुसावर मारण्यांत आलें, आणि १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली. परंतु हीं कुटुंबें आपल्या वाड्यांत, आपल्या धर्मासह राहिलीं. परेरा, लोपीस, तुस्कानो, डाबरे अशीं त्यांचीं आडनांवें झालीं, पण जीभ मराठीचीच राहिली. उत्तर वसईंतील कुपारी समाजाचे ख्रिस्ती लोक जी सामवेदी अथवा कादोडी बोली बोलतात, तीच तेथील सामवेदी ब्राह्मणांच्या घरींही बोलली जाते. धर्म दोन आणि बोली एक, असा हा शेजार आहे.

या घरांचा संसार वाडीवर चालत आला आहे. वाडी म्हणजे विहिरीच्या पाण्यावर पोसलेली बाग. तिच्यांत केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलझाडें. राजेळी जातीचीं केळीं सोलून, उन्हांत वाळवून त्यांचीं सुकेळीं करावयाचीं, हा वसईचा प्रसिद्ध उद्योग. १८६४ सालीं मुंबईस गुजरातशीं जोडणारी रेल्वे झाली आणि वाडींतील मालाला मुंबईचा बाजार जवळ आला. पहांटे फुलें आणि भाजी घेऊन गाडी गांठावयाची, तर रात्रींच तोडणी व बांधणी उरकली पाहिजे. एकजण पाणी सोडणारा, दुसरा वेली बांधणारा, सुना जुड्या वळणाऱ्या, आणि लाल लुगडें नेसलेली आजी ओटीवर बसून सर्वांवर लक्ष ठेवणारी, अशी कामाची वांटणी असे. एवढ्या माणसांत भांडणें होणारच. पाण्याची पाळी, विकून आलेले पैसे, एकीच्या मुलाला झुकतें माप, हीं कारणें कोणत्याही धर्माच्या घराला नवीं नाहींत.

तेव्हां बांधणारी वस्तु कोणती, या प्रश्नाचें पहिलें उत्तर चर्चच्या घंटेंत आहे. सकाळीं, दुपारीं बारा वाजतां आणि सायंकाळीं अशी ती तीनदां वाजते. तिच्या तीन ठोक्यांनंतर थोडें थांबून पुन्हां तीन, असा तिचा ठेका असतो. देवदूतानें मारियेस दिलेल्या संदेशाचें हें स्मरण होय. जुन्या रिवाजाप्रमाणें शेतांत काम करणारा माणूस या वेळीं हात थांबवून, डोक्यावरील टोपी काढून प्रार्थना म्हणतो. ज्या काळीं घरोघरीं घड्याळें नव्हतीं, त्या काळीं दिवसाचे तीन भाग या घंटेनेंच पाडले.

सायंकाळची घंटा झाली, जेवण उरकलें अथवा उरकावयाचें राहिलें, तरी सर्वांनीं घरांतील लहानशा वेदीपुढें जमावें आणि जपमाळेची प्रार्थना करावी, हा कॅथलिक घराचा खरा कणा आहे. जपमाळेंत दहा-दहा मण्यांचे पांच भाग असतात. प्रत्येक भागाच्या आरंभीं प्रभूची प्रार्थना, नंतर दहा वेळां मारियेची वंदना, आणि ख्रिस्ताच्या अथवा त्याच्या मातेच्या जीवनांतील एका प्रसंगाचें चिंतन. या प्रसंगांस ‘रहस्यें’ म्हणतात. आनंदाचीं, दुःखाचीं आणि गौरवाचीं मिळून पूर्वीं तीं पंधरा होतीं. २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं प्रकाशाचीं पांच रहस्यें त्यांत घातलीं. अर्धी वंदना एकानें म्हणावयाची व उरलेली अर्धी सर्वांनीं मिळून पुरी करावयाची, अशी तिची रीत आहे. एक भाग आजीनें सांगावा, दुसरा मुलानें, तिसरा सुनेनें, आणि एखादा भाग सात-आठ वर्षांच्या नातवानेंही. चुकला तर आजी तेवढ्यापुरतें सुधारते आणि माळ पुढें सरकते.

या रीतीचा परिणाम लक्षांत घेण्यासारखा आहे. दुपारीं पाण्याच्या पाळीवरून ज्या दोन भावांनीं एकमेकांस शब्द दिले-घेतले, त्यांस सायंकाळीं एकानें आरंभिलेलें वाक्य दुसऱ्यानें पुरें करावें लागतें. नवी सून घरांत मोठ्यानें बोलूं लागते ती बहुधा याच वेळीं. शेवटीं आजारी माणसाचें, परगांवीं गेलेल्याचें आणि वारलेल्यांचें नांव घेऊन प्रार्थना होते. म्हणजे घराची रोजची हजेरीच घेतली जाते, आणि तींत गैरहजर माणसेंही मोजलीं जातात. त्यानंतर धाकट्यांनीं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यावयाचा. ज्याच्याशीं अबोला आहे त्याच्याकडूनही आशीर्वाद घ्यावा लागतो, आणि त्यालाही तो द्यावा लागतो. यानें भांडण मिटतेंच असें नाहीं. पण तें रात्रभर वाढत नाहीं, आणि मोठ्या घराला एवढें पुष्कळ पुरतें.

दुसरें बंधन नात्यांचें आहे, पण तें रक्ताच्या नात्यांपुरतें नाहीं. मूल जन्मलें म्हणजे त्याचा स्नानसंस्कार होतो. त्या वेळीं त्याला एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, अथवा दोघेंही, देण्यांत येतात. हीं माणसें स्वतः कॅथलिक, दृढीकरणाचा संस्कार झालेलीं व सामान्यतः सोळा वर्षें पूर्ण केलेलीं असावीं लागतात. आणि मुलाच्या आईबापांस हें पद घेतां येत नाहीं. आईबाप नसले अथवा चुकले, तर मुलाच्या धर्मशिक्षणाकडे पाहण्याची जबाबदारी या माणसांवर असते. मुलाचे आईबाप आणि धर्मपिता यांच्यांत जें नातें जडतें, त्यास पोर्तुगीज भाषेंत ‘कोम्पाद्रे’ म्हणतात. ‘कुपारी’ हें समाजाचें नांव याच शब्दावरून आलें असें सांगतात. एका संस्कारानें जडणारें नातें एका अख्ख्या समाजाचें नांव होऊन बसावें, ही गोष्ट लहान नव्हे.

हें नातें नुसतें शिष्टाचाराचें नव्हतें. १९१७ सालच्या धर्मनियमांप्रमाणें धर्मपिता अथवा धर्ममाता आणि तें मूल यांच्यांत पुढें विवाह होऊं शकत नसे. रक्ताच्या नात्याप्रमाणेंच हें नातें विवाहास आड येई. १९८३ च्या नव्या नियमांत ही आडकाठी राहिली नाहीं, पण जुन्या लोकांच्या मनांत त्या नात्याचें वजन होतें तसेंच आहे. विचारपूर्वक वागणारें कुटुंब या संधीचा उपयोग करून घेतें. दूर पडूं लागलेल्या चुलत भावाला धर्मपिता केलें, तर तो पुन्हां घरांत येऊं-जाऊं लागतो. सासरीं गेलेल्या आत्येला धर्ममाता केलें, तर माहेरच्या पुढच्या पिढींतही तिचा हक्काचा पाट राहतो. कायद्यानें मुलीला सारखा हिस्सा दिला आहे खरा, पण तो हिस्सा मागतांना माहेर तुटूं नये यासाठीं अशा नात्यांचा आधार कामास येतो.

तिसरें बंधन सणांचें. कॅथलिक वर्ष जानेवारीपासून सुरू होत नाहीं. नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं आगमनकाळ लागतो आणि तेथून धार्मिक वर्षाचा आरंभ होतो. घरांतील मुलें माती, पेंढा आणि गवत जमवून येशूच्या जन्माचा गोठा उभारतात. बायका नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांच्या तयारीस लागतात. कुलकुल वळणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. कणकेची लहान गोळी काट्याच्या अथवा फणीच्या दात्यांवर दाबून गुंडाळावयाची असते, म्हणून शेजारपाजारच्या बायकांसह घोळका बसतो. नाताळच्या मध्यरात्रींच्या मिस्सेस सर्व घर नव्या कपड्यांत जातें. मुंबईच्या साष्टी बेटावरील ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत या दिवशीं फुगे तळतात आणि विंदालूच्या जातीचें आंबट-तिखट मांस करितात. ‘विंदालू’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज असून त्यांत द्राक्षमद्य व लसूण असे दोन शब्द दडलेले आहेत. नाताळचें ताट शेजारच्या हिंदु घरीं जातें, आणि दिवाळीला त्याच ताटांतून फराळ परत येतो. नाताळानंतरच्या रविवारीं येशू, मारिया आणि योसेफ यांच्या पवित्र कुटुंबाचा सण असतो. हा सण १९२१ सालीं सर्व कॅथलिक जगासाठीं लागू करण्यांत आला. घर हीच एक उपासना आहे असें धर्मानें या दिवशीं मानिलें आहे.

यानंतर येतो उपवासकाळ. राखेच्या बुधवारीं धर्मगुरू भाविकांच्या कपाळीं राख लावतात आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देतात. तेथपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस होतात. ईस्टरची तारीख दर वर्षीं बदलते, कारण ती आपल्या सणांप्रमाणेंच चंद्रावर अवलंबून आहे. २१ मार्च रोजीं अथवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर; म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. उपवासकाळांतील शुक्रवारीं मांस वर्ज्य असतें. चवदा वर्षांवरील सर्वांनीं तें टाळावें, आणि अठरा ते एकोणसाठ या वयाच्या माणसांनीं राखेच्या बुधवारीं व येशूच्या मरणाच्या शुक्रवारीं एकभुक्त राहावें, असा नियम आहे. या दिवसांत थाटाचीं लग्नें होत नाहींत. शेवटच्या गुरुवारच्या मिस्सेनंतर घंटाही मुकी होते, आणि ती पुन्हां वाजते ती ईस्टरच्या रात्रीं. रोज तिच्या तालावर चालणाऱ्या घराला ते दोन दिवस किती सुने वाटत असतील, हें सहज समजण्यासारखें आहे.

उन्हाळ्यांत लग्नसराई येते. विवाहाची सूचना चर्चमध्यें आधीं जाहीर करण्यांत येते, ती अशासाठीं कीं कोणास आक्षेप असेल तर त्यानें वेळींच सांगावा. ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन घागर भरून आणतात. या विधीस ‘उंबराचें पाणी’ म्हणतात. मांडव घालणें, तांदूळ निवडणें, गाणीं म्हणणें हीं कामें भाड्यानें होत नसत. आळी तीं वांटून घेई. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं याच समाजांत ‘आगेरा’ हा पिकाचा सण होतो. लॅटिन भाषेंत ‘आगेर’ म्हणजे शेत. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्यें नेऊन आशीर्वादित करितात आणि मग घरीं आणतात. दसऱ्यास दारावर भाताच्या लोंब्या बांधणाऱ्यांस यांत परकें असें कांहींच दिसणार नाहीं.

वर्षाच्या अखेरीस २ नोव्हेंबरला मृतांचें स्मरण होतें. घरोघरचीं माणसें दफनभूमींत जाऊन आपापल्या थडग्यांवरील गवत काढतात, मेणबत्त्या लावतात आणि आपल्याच वाडींतील फुलें वाहतात. वेगळे झालेले भाऊ एका थडग्यापाशीं मात्र एकत्र येतात. जिवंतपणीं ज्यांचीं चुलाणीं दोन झालीं, त्यांचे आईबाप एकच असतात.

भाषेचा उल्लेख केल्यावांचून हें चित्र पुरें होत नाहीं. चर्चमधील मिस्सा १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्यें होत असे. त्यानंतर ती मराठींत आली. परंतु मराठींतून ख्रिस्तकथा सांगण्याची परंपरा फार जुनी आहे. इंग्लंडांत जन्मलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत छापून निघालें. वसईंतून ‘सुवार्ता’ हें मराठी मासिक १९५५ पासून निघूं लागलें. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यांत वसईच्या एका धर्मगुरूला मराठीनें हा मान दिला, ही गोष्ट मराठवाड्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मराठवाड्यांतही कॅथलिक कुटुंबें आहेत, आणि तेथील धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ चा.

आतां या घरांपुढें संकट आहे, आणि तें धर्माचें नसून जमिनीचें आहे. मुंबई वाढत वाढत वसईपर्यंत आली. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. वाडीचा भाव बागायतीनें मिळणाऱ्या उत्पन्नाच्या कितीतरी पट झाला. फादर दिब्रिटो यांच्यासारख्यांनीं हरित वसईसाठीं चळवळ उभारली ती याच कारणानें. वाडी विकली म्हणजे पैसा वांटतां येतो; विहीर, ओटी आणि वेदी यांची वांटणी करितां येत नाहीं. चार भाऊ चार इमारतींत राहावयास जातात. मुलगे-मुली नोकरीसाठीं परदेशीं जातात. पूर्वीं एका छपराखालीं जमणारें खटलें आतां वर्षांतून दोनदां, नाताळला आणि कोणाच्या तरी लग्नाला, भेटतें.

मग हें घर संपलें असें समजावयाचें काय? तसें म्हणतां येत नाहीं. कारण वाडीमुळें घर एकत्र आलें असलें, तरी केवळ वाडीनें तें धरून ठेविलें नव्हतें. तें धरून ठेविलें ठरलेल्या वेळेनें, पत्करलेल्या नात्यानें आणि वांटून घेतलेल्या कामानें. या गोष्टींना मालकी लागत नाहीं आणि कोर्टांत त्यांची वांटणीही होत नाहीं. दोन खोल्यांच्या घरांतही भिंतीवर लहानशी वेदी बसते आणि सायंकाळीं माळ हातीं घेतां येते. दूर देशीं असलेला मुलगा टेलिफोनवरून आपला भाग म्हणूं शकतो. कठीण आहे तें एवढेंच कीं पूर्वीं जी गोष्ट आपोआप घडे, ती आतां ठरवून करावी लागते. आजी होती तोंवर माणसें बोलावावीं लागत नसत. आतां कोणीतरी आजीची जागा घेतली पाहिजे, आणि ती घेण्यास घरांतील कर्त्या माणसांस वेळ नसतो. ज्या घरांत कोणी ती घेतली, तें घर चार ठिकाणीं राहूनही एक आहे. ज्या घरांत कोणीच घेतली नाहीं, तें एका इमारतींत चार मजल्यांवर राहूनही वेगळें झालें आहे.

चकलांब्याच्या खटल्यापुढें आज हाच प्रश्न आहे आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांपुढेंही हाच आहे. दिवसांतून एकदां सर्वांनीं एकत्र बसावें, आणि त्या बैठकींत गैरहजर माणसांचीही नांवें घ्यावींत, एवढी रीत पाळावयास कोणताही विशिष्ट धर्म लागत नाहीं. वसईच्या कॅथलिक घरानें कायद्याचा आधार नसतांना ती रीत कित्येक पिढ्या पाळून दाखविली आहे.